चाकांखालचा समुद्र

इटलीचा बूट जिथे संपतो तिथे, व्हिला सान जोव्हानीच्या धक्क्यावर, महामार्गही संपतो. समोर सिसिली. मधलं पाणी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. पलीकडच्या मेसिनातल्या इमारती उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. या तीन किलोमीटरवर पूल बांधायच्या योजना एकोणिसाव्या शतकापासून निघताहेत. ३,३०० मीटरचा एकच गाळा असलेल्या झुलत्या पुलाला इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने ती नोंदवून घ्यायला नकार दिला. खर्चाचा वाद आहेच, शिवाय खालची जमीन भरवशाची नाही. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटेचा भूकंप आणि त्यामागून आलेली त्सुनामी यांनी मेसिना जवळजवळ पुसून टाकलं होतं. आजचं शहर रुंद रस्त्यांचं आणि बेताच्या उंचीच्या इमारतींचं आहे ते त्यामुळेच.

पूल होईल तेव्हा होईल. तोवर फेरी आहे. ती दिवसरात्र चालते आणि वीसेक मिनिटांत पलीकडे सोडते. मुख्य भूमीवरून सिसिलीला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्याही इथे तुकड्यातुकड्यांनी बोटीच्या पोटातल्या रुळांवर चढवतात. होमरने सिला आणि कॅरिब्डिस या दोन राक्षसिणी बसवल्या त्या याच सामुद्रधुनीत, असं परंपरा सांगते. उलटसुलट वाहणारे प्रवाह आजही आहेत. फक्त आता नावाडी त्यांना न घाबरता कॉफी पीत असतो.

भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने गाडी घेऊन फिरताना इथेच पहिल्यांदा जाणवतं की या भागात पाणी हा रस्त्याचाच एक टप्पा धरलेला आहे. युरोपच्या रस्त्यांच्या क्रमांकांत ‘ई-९०’ नावाचा एक रस्ता आहे. तो लिस्बनहून निघतो, स्पेन ओलांडून समुद्रात उतरतो, सिसिलीच्या पश्चिम टोकाला वर येतो, मेसिनाला पुन्हा पाण्यात जातो, कालाब्रियात निघतो, ब्रिंडिसीला तिसऱ्यांदा बुडी मारतो आणि ग्रीसमधल्या इगुमेनित्साला बाहेर पडून तुर्कस्तानकडे चालू लागतो. क्रमांक मात्र एकच. आमचा प्रवास साधारण याच रस्त्याच्या आजूबाजूने झाला: नेपल्सहून सिसिली, पालेर्मोहून बोटीने परत नेपल्स, तिथून बारी, बारीहून ग्रीस आणि पात्रासहून पुन्हा बारी.

आम्ही सात जण होतो. दादा-वहिनी, मावसभाऊ आणि त्याची बायको, आम्ही दोघं, आणि ‘मला कुठेही न्या, पण चालायला लावू नका’ ही अट घालून आलेल्या काकू. गाडी नऊ आसनांची घेतली. चालकासह नऊ आसनांपर्यंतची गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, पण नऊ माणसं बसवली तर सामानाला जागा उरत नाही. सात माणसं आणि सात बॅगा हे त्या गाडीचं खरं माप. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासोबत लागतो. युरोपात भाड्याची गाडी ‘मॅन्युअल’च मिळते असं धरून चालावं, ऑटोमॅटिक हवी तर बरीच आधी सांगावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी बोटीवर चढवायला किंवा दुसऱ्या देशात न्यायला भाडेकंपनीची लेखी परवानगी हवी. काही कंपन्या सिसिलीला हो म्हणतात आणि ग्रीसला नाही. परवानगी नसेल तर तिथे विमाही लागू होत नाही, म्हणून गाडी ठरवण्याआधी हे विचारायचं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे इटली आणि ग्रीस दोन्हींसाठी एकच. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढायचा.

नेपल्सहून दक्षिणेला निघालं की सालेर्नोजवळ सुरू होणारा ए-२ महामार्ग चारशेहून जास्त किलोमीटर डोंगरांतून, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून व्हिला सान जोव्हानीपर्यंत जातो. यावर टोल नाही. इटलीत इतरत्र मात्र टोलनाक्यावर पिवळी ‘टेलेपास’ची रांग टाळायची आणि चिठ्ठी घ्यायची. वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०. गावाबाहेर भर दुपारीही दिवे लावायचे. दादा उजव्या बाजूने चालवायला लवकर सरावला. गोल चौकात मात्र वहिनी शेजारी बसून दर वेळी ‘डावीकडून येणाऱ्याला आधी’ असं म्हणत राहिली आणि त्याने ते मुकाट ऐकून घेतलं.

इटलीतल्या जुन्या शहरांत गाडीवाल्याला खरी भीती असते ती ‘झेड-टी-एल’ची. पांढऱ्या वर्तुळाला लाल कड असलेली ही पाटी म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. आत शिरलं की कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची चिठ्ठी भाडेकंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते. पालेर्मो, नेपल्स, सिराकुझाचं जुनं बेट, सगळीकडे ही हद्द आहे. आम्ही गाडी नेहमी शहराबाहेरच्या वाहनतळावर लावली. रस्त्यावर लावायची तर पांढरी रेघ फुकट, निळी पैसे देऊन आणि पिवळी राखीव. पेट्रोलपंपावर एकाच इंधनाचे दोन भाव दिसतात: आपलं आपण भरलं तर स्वस्त, कामगाराने भरलं तर महाग. डिझेलला ‘गाझोलिओ’ म्हणतात. पंपाच्या नळीवर नाव वाचूनच हात लावावा.

सिसिलीत मेसिनाहून दक्षिणेला उतरलं की उजव्या हाताला एटना सोबत करतो. युरोपातल्या सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी हा एक, सुमारे ३,४०० मीटर उंच. निकोलोसी गावावरून जाणारा रस्ता १,९०० मीटरवरच्या ‘रिफुज्जो साप्येंझा’पर्यंत नेऊन सोडतो आणि तिथून केबल कार २,५०० मीटरपर्यंत. काकूंना एकही पायरी न चढता ज्वालामुखीच्या खांद्यावर बसता आलं. खाली कातानिया शहर याच पर्वताच्या काळ्या दगडातून उभं आहे. १६६९ च्या उद्रेकात लाव्हा शहराच्या तटापर्यंत आला होता. लाव्हा थंड होऊन झालेल्या मातीत द्राक्षं, पिस्ते आणि संत्री उत्तम येतात, म्हणून माणसं तिथून हलत नाहीत.

सिराकुझात समुद्राने आणलेली पहिली वस्ती भेटते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीसमधल्या कॉरिंथचे लोक जहाजांतून आले आणि त्यांनी हे शहर वसवलं. आर्किमिडीज इथलाच, रोमन सैन्याने इ.स.पू. २१२ मध्ये शहर घेतलं तेव्हा तो मारला गेला. ऑर्तिजिया बेटावरच्या कॅथेड्रलमध्ये शिरलं की भिंतीत चिणलेले जाडजूड डोरिक खांब दिसतात. ते अथीनाच्या देवळाचे आहेत, इ.स.पू. पाचव्या शतकातले. देऊळ पाडलं नाही; खांबांमधली जागा भिंतींनी भरून त्याचं चर्च केलं. अग्रिजेंतोच्या मंदिरांच्या खोऱ्यातही तोच प्रकार. तिथलं कॉन्कॉर्डियाचं मंदिर अडीच हजार वर्षांनंतर जवळजवळ अखंड उभं आहे, कारण सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं आणि दगड पळवणाऱ्यांपासून ते वाचलं. शेजारच्या पोर्तो एम्पेडोक्ले बंदरातून लाम्पेदुझा बेटाची बोट सुटते. ते बेट इटलीचं असलं तरी आफ्रिकेच्या किनाऱ्याला जास्त जवळ आहे, आणि तिथे येणाऱ्या सगळ्याच बोटींना वेळापत्रक नसतं.

त्रापानीकडे वळलं की मिठागरं लागतात, काठावर जुन्या पवनचक्क्या आणि कौलांनी झाकलेले मिठाचे ढीग. इथल्या ताटात कुसकुस आहे, कारण ट्युनिशिया समुद्रापलीकडे शेजारीच. सिसिलीत नवव्या शतकात आलेल्या अरबांनी पाटाच्या पाण्याची शेती आणली, लिंबूवर्गीय फळं आणली, ऊस आणला. मागून नॉर्मन आले आणि त्यांनी अरब कारागिरांना हाकललं नाही, कामाला लावलं. पालेर्मोच्या राजवाड्यातलं दुसऱ्या रॉजर राजाचं खासगी प्रार्थनागृह, ‘कापेला पालातिना’, हा त्याचा पुरावा. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीची सोनेरी मोझेइक चित्रं, आराखडा लॅटिन चर्चचा आणि डोक्यावर अरबी धाटणीचं कोरीव लाकडी छत. याच रॉजरसाठी अल-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने ११५४ मध्ये जगाचा नकाशा पुरा केला. त्यात दक्षिण दिशा वर आहे.

पालेर्मोच्या बालारो बाजारात आम्ही ‘पानेल्ले’ खाल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, काप पाडून तळतात आणि पावात घालून देतात. काकू पहिला घास घेऊन म्हणाल्या, “अगं, ही तर थापीव वडी. कोथिंबीर तेवढी कमी आहे.” त्या दिवसापासून त्यांना सिसिली परकी वाटेना. शाकाहाऱ्यांचे इथे हाल होत नाहीत: वांगी-टोमॅटोचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’, आंबटगोड ‘कापोनाता’, न्याहारीला बदामाचा ग्रानिता आणि ब्रिओश पाव. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीज टाळा. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं.

पालेर्मोहून नेपल्सची बोट रात्री सुटते आणि सकाळी पोहोचते. या मोठ्या बोटींची एक शिस्त आहे. तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची विचारतात. टपावर सामानाची पेटी लावली की दर बदलू शकतो. धक्क्यावर दोन तास आधी हजर राहायचं. बहुतेक ठिकाणी गाडीत फक्त चालक बसतो आणि बाकीचे जिन्याने चढतात. आत कामगार हातवारे करून गाडी इंचाइंचाने दुसऱ्या गाडीला भिडवतात. त्यांचे हात पाहायचे, आरसे नाही. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा, चोरघंटा बंद करायची, कारण बोट हलली की ती रात्रभर वाजते. बोट सुटली की वाहनांचा मजला कुलूपबंद होतो. म्हणून रात्रीची पिशवी आधीच वेगळी भरायची: औषधं, स्वेटर, दात घासायचं सामान, चार्जर. मजल्याच्या क्रमांकाचा आणि जिन्याच्या रंगाचा फोटो काढून ठेवायचा. सकाळी शेकडो माणसं एकाच वेळी आपली गाडी शोधत असतात. केबिन महाग वाटते, पण ती एका रात्रीचं हॉटेल आणि एका दिवसाचं इंधन वाचवते. आमच्या दोन्ही चालकांना झोप मिळाली, हा हिशेब वेगळाच.

नेपल्समध्ये अर्धा दिवस पुरातत्त्व संग्रहालयाला दिला, तो एका वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या हस्तिदंती बाईसाठी. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली, म्हणजे त्याआधीच ती भारतातून तिथे पोहोचली होती. बरीच वर्षं तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणत. आता ती यक्षी असावी असं मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. उलट बाजूने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याण, चौलहून निघालेला माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि पुढे भूमध्यात जाई. काकू त्या यक्षीच्या काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर जालना जिल्ह्यातल्याच अंबडचं. भोकरदन त्यांना नकाशात शोधावं लागत नाही.

नेपल्सहून बूट आडवा ओलांडून बारीकडे जाताना मातेराला थांबावं. चुनखडीच्या डोंगरात कोरलेली हजारो वर्षं राहती घरं, ‘सास्सी’, १९५० च्या दशकात अनारोग्याच्या कारणाने सरकारने रिकामी केली. १९९३ मध्ये ती जागतिक वारसा झाली आणि आता तिथे हॉटेलं आहेत. बारीच्या जुन्या गल्लीत बायका दारात टेबल मांडून अंगठ्याने ‘ओरेक्येत्ते’ पास्ता वळतात. गावचा देव म्हणजे संत निकोलस, ज्याच्यापासून पुढे सांताक्लॉज झाला. त्याच्या अस्थी बारीच्या खलाशांनी १०८७ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या मायराहून जहाजाने उचलून आणल्या. आजही रशिया आणि बाल्कनमधले ऑर्थोडॉक्स यात्रेकरू या कॅथलिक चर्चच्या तळघरात दर्शनाला येतात.

बारीच्या बंदरात अल्बेनियाची आणि ग्रीसची रांग वेगळी असते. पाटी नीट पाहावी, कारण अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही. ग्रीसच्या रांगेत पर्यटक थोडे आणि ट्रक भरपूर. एड्रियाटिक समुद्राला जमिनीवरून वळसा घालायचा तर स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया असे देशामागून देश ओलांडावे लागतात. त्यापेक्षा ट्रकवाला संध्याकाळी बोटीत शिरतो, आपल्या लोकांबरोबर जेवतो, झोपतो आणि सकाळी ताजातवाना होऊन इगुमेनित्साला उतरतो. बोटीवर घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. पहाटे डाव्या हाताला अल्बेनियाचे डोंगर आणि उजव्या हाताला कॉर्फू असतं.

इगुमेनित्सापासून सुरू होणारा ‘एग्नातिया ओदोस’ हा ६७० किलोमीटरचा महामार्ग तुर्कस्तानच्या सीमेपर्यंत जातो. रोमनांच्या व्हिया एग्नातियाचं नाव त्याने घेतलं आहे. आम्ही तो मेत्सोवोनंतर सोडला आणि मेतेओराला उतरलो. सपाट थेसालीच्या कडेला उभ्या राहिलेल्या प्रचंड शिळास्तंभांच्या माथ्यावर चौदाव्या शतकापासून मठ आहेत. आज सहा नांदते आहेत. पूर्वी साधू आणि सामान दोरीच्या जाळ्यातून वर ओढत. विसाव्या शतकात पायऱ्या खोदल्या. प्रत्येक मठाची सुट्टी वेगळ्या वारी असते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही, बायकांना घागरा लागतो. काकूंच्या साडीकडे पाहून दारावरच्या जोगिणीने आदराने मान लववली. पायऱ्या सर्वांत कमी असलेल्या संत स्टीफनच्या मठात फक्त एक छोटा पूल ओलांडावा लागतो, आणि काकूंची अट तिथे पाळली गेली. ग्रीसमध्ये उपासाच्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य, म्हणून खाणावळीत ‘निस्तीसिमा’ विचारलं की तेलातल्या भाज्या, राजम्यासारखे मोठे ‘यीगांतेस’ आणि डाळीचा ‘फावा’ पुढे येतो.

डेल्फीवरून खाली कॉरिंथच्या आखाताला लागून नाफपाक्तोस येतं. १५७१ च्या ऑक्टोबरात उस्मानी आरमार हरलं ती लेपांतोची लढाई याच गावाच्या जुन्या नावाने ओळखली जाते. ‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्वांतेस तिथे लढला आणि त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. गावाच्या पुढे रिओ–अँतिरिओ पूल. २,८८० मीटर लांबीचा हा पूल ऑगस्ट २००४ मध्ये, अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झाला. इथेही भूकंपाचा प्रदेश आणि तळाला पक्का खडक नाही. म्हणून चारही मनोरे खडीच्या थरावर नुसते टेकवले आहेत, खाली घट्ट रोवलेले नाहीत. जमीन हलली तर त्यांना थोडं सरकायची मुभा ठेवली आहे. मेसिनाचे पूलवाले या पुलाकडे बोट दाखवतात. पण त्याच पुलाखालून जुनी फेरी अजून चालते, कारण पुलाचा टोल जास्त आहे. आम्ही जाताना पूल घेतला. पात्रासमध्ये मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या हट्टाने फेरीतून उलट पलीकडे जाऊन परत आलो. पुलाची उंची खालूनच कळते, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं.

असा प्रवास मनात असेल तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर असते आणि बोटी भरलेल्या. आधी रात्रीच्या बोटी ठरवा, मग मधली गावं बसवा. गटात दोन चालक, एक खजिनदार आणि अंतिम शब्द असणारा एकच माणूस हवा. पैसे रोज रात्री मिटवा.

पात्रासहून बारीची परतीची बोट सोळा तासांच्या आसपास घेते. बंदराला उंच कुंपण आहे. आमचे पासपोर्ट अधिकाऱ्याने उघडले, चेहरे पाहिले आणि जा म्हणाला. शेजारच्या रांगेत मात्र ट्रकांची ताडपत्री उचलून, चाकांमध्ये वाकून, टॉर्च मारून तपासणी चालली होती, कारण युद्ध आणि गरिबी मागे टाकून आलेली मुलं इटली गाठण्यासाठी तिथे लपतात. कॉरिंथचे वसाहतकार, अरब शेतकरी, नॉर्मन सरदार, संताच्या अस्थी आणि हस्तिदंती यक्षी, सगळे याच पाण्यावरून गेले आणि त्यांच्यामुळेच आम्हाला पाहायला काही उरलं. तो रस्ता आजही आहे, फक्त आता त्याला शेंगेनचा शिक्का लागतो, आणि तो आमच्याकडे होता.